दोष शोधायचा, पण कोणत्या साधनाने?

९ व्होल्टची एक बॅटरी घ्या. तिला प्रत्येकी १०० किलोओहमचे दोन रोध एकसर जोडणीत जोडा. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक रोधाच्या टोकांमध्ये ४.५ व्होल्ट विभवांतर असायला हवे. आता ज्याचा स्वतःचा रोध १०० किलोओहम आहे, असा काट्याचा व्होल्टमीटर एका रोधाला समांतर जोडा. काटा किती दाखवील? ४.५ नव्हे, ३!

व्होल्टमीटर बिघडलेला नाही. त्याने १०० किलोओहमला समांतर आणखी १०० किलोओहम जोडले. त्या जोडीचा परिणामी रोध ५० किलोओहम झाला आणि ९ व्होल्टची वाटणी १ : २ अशी झाली. मापकानेच परिपथ बदलला! त्याऐवजी १० मेगाओहम रोधाचा डिजिटल मापक जोडला, तर तो सुमारे ४.४८ व्होल्ट दाखवील. म्हणून साधन निवडताना ते काय मोजते याबरोबरच, मोजताना ते काय बदलते, हेही पाहावे लागते. मोबाइलच्या ॲपमधील दोष शोधतानाही नेमके हेच ध्यानात ठेवायचे असते.

एक ॲप, दोन फोन

अँड्रॉइड आणि आयफोन यांच्या कार्यप्रणाली भिन्न आहेत. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा, तर आयफोनसाठी स्विफ्ट किंवा ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषांत ॲप लिहितात. एकच ॲप दोनदा लिहिण्याचे कष्ट वाचावेत, म्हणून फेसबुकने २०१५ मध्ये 'रिॲक्ट नेटिव्ह' खुले केले आणि गुगलच्या 'फ्लटर'ची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. पहिल्यात जावास्क्रिप्ट आणि दुसऱ्यात डार्ट ही भाषा वापरतात. आज्ञावली एकदाच लिहायची आणि ती दोन्ही फोनांवर चालवायची!

असे ॲप म्हणजे तीन मजली इमारत समजा. वरच्या मजल्यावर आपण लिहिलेली सामायिक आज्ञावली असते. मधल्या मजल्यावर ती चालवणारे 'इंजिन' असते. तळमजल्यावर त्या त्या फोनची स्वतःची प्रणाली असते. दोष कोणत्याही मजल्यावर असू शकतो. पण तो आपल्याला दिसतो मात्र पडद्यावर.

नाहीसा होणारा दोष

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या काही विद्यार्थ्यांनी पावसाच्या नोंदींचा आलेख काढणारे ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये तयार केले. भारतीय हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे एका शाळेतील मुले रोज सकाळी ८.३० वाजता पर्जन्यमापक वाचत आणि नोंद पाठवत. परंतु फोनवर आलेख कोराच दिसे. मग आमच्या विद्यार्थ्यांनी ॲप संगणकाला जोडून डीबगर सुरू केला, तर आलेख अगदी व्यवस्थित! डीबगर बंद केला की पुन्हा कोरा. "ॲपमध्ये दोष नाही, शाळेतली मुलेच नोंदी चुकीच्या भरत असणार," असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तसे शाळेला कळवूनही टाकले.

मला तो व्होल्टमीटर आठवला. डीबगर जोडल्यावर नक्की काय बदलते, ते आम्ही शोधले. त्या काळच्या 'दूरस्थ' पद्धतीत डीबगर सुरू केला, की आज्ञावली फोनवर चालतच नसे. ती संगणकावरील क्रोम न्याहाळकात, 'व्ही-८' नावाच्या इंजिनावर चाले. फोनमध्ये मात्र 'जावास्क्रिप्टकोअर' हे इंजिन होते. आमच्या आज्ञावलीत तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली होती. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित लेखनात तेथे रोमन लिपीतील 'टी' हे अक्षर लागते. इतर प्रकारचे लेखन स्वीकारायचे की नाही, हे इंजिनावर सोपवलेले आहे. व्ही-८ ने ते चालवून घेतले, फोनमधील इंजिनाने नाकारले. तारीखच अवैध ठरल्यावर आलेखावर बिंदू कोठून येणार? शाळेतल्या मुलांच्या नोंदी मुळात अचूकच होत्या!

पुढे रिॲक्ट नेटिव्हने २०२२ मध्ये 'हर्मिस' हे इंजिन नेहमीसाठी स्वीकारले आणि कालांतराने ती दूरस्थ पद्धतही काढून टाकली. आता डीबगर फोनवर चालणाऱ्या इंजिनालाच जोडला जातो.

पाहू लागताच लपणाऱ्या अशा दोषाला संगणकतज्ज्ञ गमतीने 'हायझेनबग' म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५ च्या एका निबंधात हा शब्द आढळतो. अर्थात हायझेनबर्गचे अनिश्चितता तत्त्व हे याहून निराळे आहे. आपल्या व्होल्टमीटरचीच उपमा येथे अधिक योग्य!

तीन प्रश्न

मग साधन निवडावे कसे? स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला : दोष कोणत्या मजल्यावर आहे? तेच ॲप अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंवर चालवून पाहा. दोष दोन्हीकडे दिसला, तर आधी सामायिक आज्ञावली तपासावी. त्यासाठी फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हची स्वतःची 'डेव्हटूल्स' असतात. दोष एकाच फोनवर असेल, तर तळमजल्यावर उतरावे. अँड्रॉइडसाठी 'अँड्रॉइड स्टुडिओ' आणि त्यातील 'लॉगकॅट', तर आयफोनसाठी 'एक्सकोड' वापरतात. एक्सकोड केवळ मॅक संगणकावर चालते, हे आधीच जाणून असावे.

दुसरा : मला काय जाणून घ्यायचे आहे? एखाद्या चलाची किंमत हवी असेल, तर आज्ञावली ठरावीक ओळीवर थांबवणारा 'ब्रेकपॉइंट' उत्तम. पण दोन कामांपैकी आधी कोणते पुरे होते, असा प्रश्न असेल, तर थांबवल्याने तो क्रमच बदलेल. तेथे प्रत्येक टप्प्यावर वेळेसह एक ओळ छापून घेणे बरे. छापण्यालाही थोडा वेळ लागतोच. पण हा व्होल्टमीटर अधिक रोधाचा आहे!

तिसरा : हे साधन काय बदलते? सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. फ्लटरच्या 'डीबग' अवस्थेत ॲप मुळातच संथ चालते. तेथे वेग मोजून उपयोग नाही. त्यासाठी 'प्रोफाइल' अवस्था निराळी दिलेली आहे आणि ती प्रत्यक्ष फोनवरच चालवावी लागते. संगणकाच्या पडद्यावरील नकली फोन संगणकाच्या बळावर धावतो; त्याचा वेग हा खऱ्या फोनचा वेग नव्हे.

आणि शेवटची तपासणी नेहमी सारी साधने काढून, केबल सोडवून, खऱ्या फोनवर करावी. वापरणाऱ्याच्या हाती ॲप तसेच जाणार असते.

आमच्या विद्यार्थ्यांनी ते एक अक्षर दुरुस्त केले आणि नंतर शाळेत जाऊन मुलांची माफी मागितली. साधनाने दिलेल्या उत्तरावरून कोणाला दोष देण्यापूर्वी साधनाचीही परीक्षा करावी, हा धडा त्यांना आयुष्यभर पुरेल. तुमच्या प्रयोगशाळेत दोन निरनिराळ्या रोधांचे व्होल्टमीटर असतील, तर सुरुवातीचा प्रयोग अवश्य करून पाहा. दोन्ही वाचने वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि फरक का पडला, ते गणिताने ताडून पाहा.