किमान वेतनवाढ आणि रोजगार : न्यू जर्सीतील फास्ट फूड उपाहारगृहांचा अभ्यास

उद्देश

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :

- किमान वेतनवाढीमुळे रोजगार घटतो, या पारंपरिक विचाराचा आधार सांगता येईल.
- 'फरकांतील फरक' ही पद्धत आकड्यांच्या साहाय्याने स्पष्ट करता येईल.
- न्यू जर्सीच्या अभ्यासाचे निष्कर्ष व त्यांच्या मर्यादा विशद करता येतील.

१. प्रास्ताविक

ज्या दरापेक्षा कमी वेतनावर कामगार नेमण्यास कायद्याने मनाई असते, त्या दरास किमान वेतन असे म्हणतात. हा कायदा ज्यांच्यासाठी केला जातो, ते श्रमिक उत्पन्नाच्या उतरंडीत सर्वांत खाली असतात. त्यामुळे त्याच्या परिणामांविषयीची चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. वेतनवाढीने खरोखरच रोजगार घटत असेल आणि आपण ते नाकारले, तर ज्यांचे भले करावयाचे त्यांचेच काम जाते. उलट, रोजगार घटत नसतानाही तो घटतो असे मानून वाढ रोखली, तर श्रमिक विनाकारण कमी वेतनावर राबत राहतात. म्हणूनच हा प्रश्न प्रत्यक्ष माहितीच्या आधारे तपासणे आवश्यक ठरते. अमेरिकेत १९९२ साली अशी तपासणी कशी झाली, ते या घटकात आपण पाहणार आहोत.

२. पारंपरिक विचार

वस्तूची किंमत वाढली की, इतर परिस्थिती कायम असताना, तिची मागणी घटते. हाच नियम श्रमाला लावला तर वेतन वाढल्यावर श्रमाची मागणी घटावयास हवी. कामगारामुळे मालकाच्या उत्पन्नात जेवढी भर पडते, त्यापेक्षा त्याचे वेतन अधिक झाले तर मालक त्याला कामावर ठेवणार नाही, असा हा युक्तिवाद आहे. जॉर्ज स्टिगलर यांनी १९४६ साली किमान वेतनाविरुद्ध हीच भूमिका मांडली. मात्र वेतनाचा दर ठरविणे मालकाच्या हाती असेल, तर निष्कर्ष वेगळा निघू शकतो, हेही त्यांनी मान्य केले होते. ही सूट पुढे महत्त्वाची ठरली.

३. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया

१ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले. ही वाढ सुमारे १९ टक्के होती. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र ४.२५ डॉलर हाच दर कायम राहिला. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी ही संधी हेरली. त्यांनी न्यू जर्सी व पूर्व पेनसिल्व्हेनियातील बर्गर किंग, केएफसी, वेंडीज आणि रॉय रॉजर्स या साखळ्यांची ४१० उपाहारगृहे निवडली. वाढीपूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा आणि वाढीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा त्यांची पाहणी करण्यात आली. मधल्या काळात कायमची बंद पडलेली उपाहारगृहे वगळली असती, तर चित्र खोटे आशादायक दिसले असते. म्हणून त्यांचा रोजगार शून्य धरून त्यांचाही हिशेब केला गेला.

फास्ट फूडचाच व्यवसाय का निवडला? या व्यवसायात अल्प वेतनावर काम करणारे मोठ्या संख्येने असतात. मोठ्या साखळ्या वेतनाचा कायदा सहसा पाळतात. कामाचे स्वरूप सर्वत्र जवळपास सारखे असते. शिवाय येथे ग्राहकांकडून बक्षिशी मिळत नसल्याने वेतन नेमके मोजता येते.

कायद्याची अंमलबजावणी झाली की नाही, हे आधी पाहू. वाढीपूर्वी न्यू जर्सीत नव्या कामगाराचे सरासरी वेतन ४.६१ डॉलर होते, तर पेनसिल्व्हेनियात ते ४.६३ डॉलर होते. वाढीनंतर हे आकडे अनुक्रमे ५.०८ व ४.६२ असे झाले. न्यू जर्सीतील सुमारे ८५ टक्के उपाहारगृहे आता नेमके ५.०५ डॉलर देत होती. म्हणजे कायदा कागदावर राहिला नव्हता.

४. फरकांतील फरक

केवळ न्यू जर्सीतील 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना पुरेशी नाही. त्या आठ-नऊ महिन्यांत मंदी, ऋतुमान, ग्राहकांची संख्या अशा अनेक गोष्टी बदलल्या असतील. त्यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी, वेतन न वाढलेल्या शेजारी राज्यात त्याच काळात काय घडले, ते पाहावे लागते.

सारणी : प्रति उपाहारगृह सरासरी रोजगार (दोन अर्धवेळ कामगार म्हणजे एक पूर्णवेळ कामगार, असे धरून)

| राज्य | आधी | नंतर | बदल |
|---|---|---|---|
| न्यू जर्सी | २०.४४ | २१.०३ | + ०.५९ |
| पेनसिल्व्हेनिया | २३.३३ | २१.१७ | − २.१६ |

दोन्ही बदलांतील फरक ०.५९ − (− २.१६) = २.७५ इतका येतो. यालाच 'फरकांतील फरक' म्हणतात. पारंपरिक विचारानुसार हा आकडा ऋण यावयास हवा होता. तो धन आला.

येथे सारणी पुन्हा एकदा बारकाईने पाहावी. न्यू जर्सीतील वाढ अगदी अल्प आहे आणि २.७५ या आकड्याचा मोठा भाग पेनसिल्व्हेनियातील घटीतून आलेला आहे. कायदा झाला नसता तर न्यू जर्सीतही तेवढीच घट झाली असती, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. ते खरे नसेल तर निष्कर्षही डळमळतो. म्हणून संशोधकांनी दुसरी तुलना खुद्द न्यू जर्सीतच केली. जी उपाहारगृहे आधीपासूनच ५ डॉलर किंवा अधिक वेतन देत होती, त्यांना कायद्याची झळ जवळजवळ लागली नव्हती. त्यांच्यातील सरासरी रोजगार सुमारे २ ने घटला. याउलट ४.२५ डॉलर देणाऱ्या, म्हणजे सर्वाधिक झळ सोसणाऱ्या उपाहारगृहांत तो १.३२ ने वाढला. पहिल्या तुलनेला यामुळे बळकटी मिळाली.

५. रोजगार का घटला नाही?

याचे एक संभाव्य उत्तर 'क्रेत्याची मक्तेदारी' या संकल्पनेत आहे. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली तिचे विवेचन केले होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका उपाहारगृहात १० कामगार तासाला ४.२५ डॉलरवर काम करतात. अकरावा कामगार ४.५० डॉलरशिवाय येत नाही. त्याला तेवढे दिले तर जुन्या १० जणांनाही प्रत्येकी २५ सेंट वाढवून द्यावे लागतात. म्हणजे अकराव्याचा खरा खर्च ४.५० + २.५० = ७ डॉलर होतो. त्याच्यामुळे उत्पन्नात ६ डॉलरचीच भर पडत असेल, तर मालक ती जागा रिकामी ठेवणे पसंत करील.

आता कायद्याने सर्वांनाच ५.०५ डॉलर देणे बंधनकारक झाले. जुन्या कामगारांची वाढ आता टळणारच नाही. त्यामुळे अकराव्याचा खर्च केवळ ५.०५ डॉलर उरतो. तो ६ डॉलरपेक्षा कमी असल्याने जागा भरली जाते. मात्र किमान वेतन ६.५० डॉलर केले असते, तर ही भरती झाली नसती. वेतनवाढीचा परिणाम तिच्या प्रमाणावर आणि बाजाराच्या रचनेवर अवलंबून असतो, हे या उदाहरणाचे सार आहे.

दुसरे उत्तर किमतींचे आहे. न्यू जर्सीत जेवणाच्या करपूर्व किमती पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत सुमारे ४ टक्के अधिक वाढल्या. वाढीव खर्चाचा भार काही अंशी ग्राहकांनी उचलला, असे यावरून दिसते. परंतु रोजगारासोबत विक्रीही वाढली असेल, तर किमती उतरावयास हव्या होत्या. म्हणजेच क्रेत्याच्या मक्तेदारीने सर्व निरीक्षणांचा उलगडा होत नाही.

६. आक्षेप व पुढील संशोधन

हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर मोठा वाद झाला. दूरध्वनीवरून मिळालेली माहिती कितपत विश्वसनीय, हा प्रमुख आक्षेप होता. डेव्हिड न्यूमार्क व विल्यम वॉशर यांनी उपाहारगृहांच्या वेतनपटांवरून हिशेब केला, तेव्हा न्यू जर्सीत रोजगार तुलनेने घटल्याचे त्यांना आढळले. त्यावर कार्ड व क्रूगर यांनी २००० साली सरकारी आकडेवारी तपासून, परिणाम अत्यल्प असल्याचे उत्तर दिले. रोजगार वाढल्याचा दावा त्यामुळे सौम्य झाला. मोठी घट झाल्याचेही त्यातून सिद्ध झाले नाही.

चेंगिझ, दुबे, लिंडनर व झिपरर यांनी २०१९ साली १३८ राज्यस्तरीय वेतनवाढींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. अल्प वेतनाच्या नोकऱ्यांची एकूण संख्या जवळपास कायम राहिली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याउलट सिअ‍ॅटल शहरातील मोठ्या वाढीनंतर अल्प वेतनाच्या कामाचे तास घटल्याचे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दाखविले. नोकरी टिकली तरी तास कमी होऊ शकतात, याची जाणीव त्यातून होते. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियाने मोठ्या फास्ट फूड साखळ्यांसाठी २० डॉलरचा दर लागू केला. त्याच्या परिणामांविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

डेव्हिड कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. क्रूगर यांचे २०१९ सालीच निधन झाले होते.

७. सारांश

किमान वेतन वाढले की रोजगार घटतोच, असा सार्वत्रिक नियम मांडता येत नाही. माफक वाढीने रोजगार फारसा न घटता वेतन वाढू शकते. वाढ कितीही मोठी असली तरी चालेल, असे मात्र यावरून ठरत नाही. अशा कोणत्याही दाव्याविषयी तीन प्रश्न विचारावेत : वाढ प्रचलित वेतनाच्या किती टक्के होती? कायदा प्रत्यक्षात पाळला गेला का? आणि वाढ झाली नसती तर काय घडले असते, हे कशाच्या तुलनेवरून ठरविले?

८. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. केवळ 'आधी' व 'नंतर' यांची तुलना अपुरी का ठरते?
२. सारणीतील २.७५ हा आकडा कसा येतो, ते सांगून त्यामागील गृहीतक स्पष्ट करा.
३. भाग ५ मधील उदाहरणात अकरावा कामगार ५ डॉलरचीच भर घालत असेल, तर ५.०५ डॉलरच्या कायद्यानंतर मालक काय करील? सकारण लिहा.

क्षेत्रीय कार्य : भारतात १९४८ च्या किमान वेतन कायद्यान्वये राज्यनिहाय व व्यवसायनिहाय दर ठरविण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायाचा सरकारी दर मिळवा. प्रत्यक्षात दिल्या जाणाऱ्या वेतनाशी त्याची तुलना करा आणि कामगारांची नावे न देता दहा ओळींत टिपण लिहा.