सालींच्या औषधी गुणांची दोनशे वर्षे

फळाचा गर खायचा आणि साल टाकून द्यायची, ही आपली जुनी रीत. पण त्या टाकाऊ सालीत औषध शोधण्याचा खटाटोपही आता दोनशे वर्षांचा झाला आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी 1825 मध्ये पेक्टिन ओळखले आणि तीनच वर्षांनी लब्रेताँ यांनी संत्र्याच्या सालीतल्या पांढऱ्या भागातून हेस्पेरिडिन वेगळे काढले. तेव्हापासूनचा हिशेब मांडला, तर सालीतली काही द्रव्ये खरोखर उपयोगी ठरली, काही नावापुरती गाजली आणि काहींनी ग्राहकाला फसवले. त्यामुळे ‘साल गुणकारी आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. कोणते द्रव्य, किती मात्रेत, आणि ते माणसांवर तपासले आहे का, हेही विचारावे लागते.

या कसोटीला सर्वांत चांगले उतरले ते पेक्टिन. संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या सालीतल्या पांढऱ्या थरात ते भरपूर असते. एन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये पेक्टिनमुळे माणसांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते, असे दाखवले. त्यामागचे कारणही पुढे उलगडले. पेक्टिन आतड्यात चिकट जेल बनवते आणि पित्ताम्लांना अडवून शरीराबाहेर नेते. मग नवे पित्त तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये हा दावा मान्य केला, पण दिवसाला 6 ग्रॅम पेक्टिन पोटात जात असेल तरच. हा आकडा महत्त्वाचा आहे. चहात टाकलेल्या सालीच्या तुकड्याने ती मात्रा गाठली जात नाही.

हेस्पेरिडिनच्या कुळाची वाट अधिक वळणाची होती. हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी आणि रुझन्याक यांनी 1936 मध्ये लिंबू आणि लाल मिरची यांच्या अर्कातल्या फ्लॅव्होनॉइडांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. केशवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव त्यांनी थांबतो, असा त्यांचा कयास होता. पण ही द्रव्ये मिळाली नाहीत म्हणून अमुक आजार होतो, असे सिद्ध झाले नाही आणि 1950 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी ते नाव मोडीत काढण्याची शिफारस केली. तरीही संशोधन वाया गेले नाही. हेस्पेरिडिनपासून बनणारे डायोस्मिन आज शिरांच्या विकारांवर आणि मूळव्याधीवर दिले जाते. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात या गटातल्या औषधांनी मूळव्याधीतला रक्तस्राव आणि खाज कमी होते, असे आढळले. मोठा दावा पडला, पण त्यातून नेमका आणि मर्यादित उपयोग हाती आला.

कोकमाच्या जवळच्या नात्यातल्या गार्सिनिया कॅम्बोजियाची कहाणी याच्या उलट आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकांतन यांनी 1965 मध्ये या फळाच्या सालीतले आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवले. शरीरात चरबी बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते, हे लगेच काही वर्षांत कळले आणि त्याच्या जोरावर वजन उतरवण्याच्या कॅप्सूल जगभर खपू लागल्या. पुढे 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी झाली. रोज 1500 मिलीग्रॅम आम्ल घेणाऱ्यांचे वजन, नुसत्या निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले नाही. शिवाय अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आल्या आहेत. परीक्षानळीत जे घडते ते माणसात घडेलच असे नाही, हा यातला धडा आहे.

यावर कोणी म्हणेल, आमसूल आणि लिंबाचे लोणचे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते, मग आणखी पुरावा कशाला हवा? या वापरातून एवढेच कळते, की स्वयंपाकातल्या मात्रेत ही साल बहुतेकांना सोसते. घट्ट अर्काची कॅप्सूल सुरक्षित आहे किंवा तिने रोग बरा होतो, हे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टाकाऊ सालीवर मक्तेदारी मिळत नाही, म्हणून कंपन्या मोठ्या चाचण्यांवर पैसा लावत नाहीत, आणि पुरावा नाही म्हणजे गुण नाही असे कसे म्हणायचे? हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय अपुऱ्या पुराव्यावर माल विकणे हा नव्हे. सार्वजनिक संस्थांनी चाचण्यांसाठी निधी द्यावा, हा आहे. फवारणीचे अंश सालीवर जास्त राहतात, हा तिसरा आक्षेपही धरून चालावे लागेल. साल खायची असेल तर फळ नीट धुतलेले आणि शक्यतो कमी फवारणीचे हवे.

म्हणून संत्रे खाताना पांढरे धागे सोलून टाकू नका, रसाऐवजी फोडी खा, लिंबाचे लोणचे आवडीने पण मिठाचा विचार करून खा. सालीच्या नावाने कॅप्सूल हातात आली, तर मात्रा किती, चाचणी किती माणसांवर, किती दिवस आणि अपाय कोणते, हे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ती विकत घेऊ नका.