लांब पल्ल्याची धाव आणि लघुउद्योग

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नांदगाव पेठ लागते. कापसाच्या या मुलखात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे विस्तीर्ण क्षेत्र असून, २० सप्टेंबर २०२४ रोजी येथील सुमारे एक हजार एकरांवरील 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. मोठ्या गिरण्या आपले भांडवल बरोबर घेऊन येतात. त्यांच्या आधाराने खोकी बनविणे, यंत्रदुरुस्ती, शिलाई यांसारखे जे लहान व्यवसाय उभे राहतात, ते बहुधा परिसरातील तरुणांचे असतात. कर्जमंजुरी, उद्घाटन, पहिली मागणी येथवर सर्वांचाच उत्साह दांडगा असतो. त्यांतील किती व्यवसाय तिसऱ्या वर्षी चालू असतील, हा खरा प्रश्न होय. त्याचा विचार करताना लांब पल्ल्याच्या धावण्याचे शास्त्र उपयोगी पडते.

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली शर्करा वेगाने धावणाऱ्यास साधारणतः तीस किलोमीटरपर्यंत साथ देते. पुढे चरबीपासून शक्ती मिळते, परंतु ती सावकाश. आरंभी ज्याने वेग आवरला नाही, त्याचा साठा लवकर आटतो. मौज अशी की, दहाव्या किलोमीटरवर त्याला याची जाणीवही नसते. किंबहुना तेथे तोच सर्वांच्या पुढे असू शकतो.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तेथील मार्ग नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर लांबीचा होता. तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा करून ते एकोणिसावे आले. दर किलोमीटरला सरासरी चार मिनिटे. त्या चमूला पाठविण्यात पुढाकार व पैसा होता तो सर दोराबजी टाटांचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांचा दमसास पाहिला होता.

याच दोराबजींना उद्योगातही शर्यतीचा तो अवघड टप्पा लवकरच पाहावा लागला. पहिल्या महायुद्धात पोलादाला मागणी वाढली, तेव्हा जमशेदपूरच्या कारखान्याने मोठा विस्तार हाती घेतला. युद्ध संपले, किमती कोसळल्या, परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले. १९२४ साली कामगारांचे वेतन देण्यापुरताही पैसा उरेना. कारखान्याला पोलाद करता येत नव्हते असे नाही. आटली होती ती रोकड. दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता व पत्नीचा प्रसिद्ध ज्युबिली हिरा इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले आणि कारखाना वाचला. मात्र नांदगाव पेठेतील शिलाई केंद्राच्या मागे असा हिरा नसतो. त्याने शिल्लक साठ्याची तजवीज प्रारंभीच केली पाहिजे.

प्रकल्प अहवालात यंत्रांची किंमत काटेकोरपणे लिहिलेली असते. खेळत्या भांडवलाचा रकाना मात्र अंदाजाने भरला जातो. समजा, एका केंद्राचा मासिक खर्च २ लाख रुपये आहे आणि मालाचे पैसे तीन महिन्यांनी हाती येतात. म्हणजे पहिला रुपया येण्यापूर्वी ६ लाख रुपये गुंतले. मागणी दुप्पट झाली आणि तिच्याबरोबर खर्चही, तर हाच आकडा १२ लाखांवर जातो. धंदा वाढला म्हणून पेढे वाटले जातात आणि त्याच महिन्यात पगार थकतो, तो यामुळे. अशा वेळी मोठी मागणी टप्प्याटप्प्याने स्वीकारणे हा भित्रेपणा नव्हे. धावपटू साखरपाणी घेतो ते थकवा येण्यापूर्वी. बँकेकडे खेळत्या भांडवलाची मर्यादा मागावयाची तीही खाते सुस्थितीत असतानाच.

शासकीय योजनांतही या दृष्टीचा प्रत्यय येतो. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राखण्याची आणि व्यवसाय चालू असल्याची पडताळणी करूनच ती कर्जात वळती करण्याची अट घालण्यात आली. अर्जदार या अटीवर कुरकुरतात. वास्तविक ती योग्यच आहे, कारण तीत उद्घाटनापेक्षा टिकण्याला महत्त्व आहे.

येणे वेळेवर मिळावे यासाठी कायदाही आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असल्यास अधिकाधिक ४५ दिवसांत व करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावातील तरुण उद्योजकांना हे आवर्जून सांगावे. कारण माल पाठविण्यापूर्वी उद्यम नोंदणी केलेली नसेल, तर हा हक्क बजावताना अडचण येते. ही नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला शुल्क लागत नाही.