माझ्या अर्जाचं रोज काय झालं?

2004 च्या जानेवारीत दिल्लीत, यमुनेपलीकडच्या वेलकम कॉलनीत राहणाऱ्या रोजंदारीवरच्या एका मजुराचं रेशनकार्ड हरवलं. त्यानं दुसऱ्या कार्डासाठी अर्ज केला आणि पुढचे तीन महिने तो अन्नपुरवठा कार्यालयात हेलपाटे घालत राहिला. तिथं कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. मग ‘परिवर्तन’ या संस्थेच्या मदतीनं त्यानं माहितीच्या अधिकाराखाली एक कागद दिला. आठवडा उलटायच्या आत निरीक्षक त्याच्या दारात उभा राहिला आणि कार्ड तयार असल्याचं सांगून गेला. तो कार्यालयात गेला तेव्हा अधिकाऱ्यानं त्याला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि विनंती केली की काम झालंय, आता तेवढा माहितीचा अर्ज मागे घ्या.

त्या कागदात जे होतं, त्याचं मला वर्षानुवर्षं कौतुक वाटत आलं आहे. त्यात ‘मला न्याय द्या’ असं कुठंच नव्हतं. होते ते प्रश्न. माझ्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, ते दिवसवार सांगा. तो कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस पडून होता? त्यांची नावं आणि हुद्दे द्या. नियमानुसार हे काम किती दिवसांत व्हायला हवं होतं? मुदत उलटली असेल तर या अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई होणार आणि कधी?

तक्रार सहसा खात्याविरुद्ध असते. खातं म्हणजे कोणीच नाही, त्यामुळे ती कोणालाच लागत नाही. हे प्रश्न मात्र एका टेबलापाशी जाऊन थांबतात. उत्तर लिहायचं तर ‘अमुक साहेबांकडे फाइल चाळीस दिवस पडून होती’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं लागतं. तो कागद हातून जाण्यापेक्षा काम करून टाकणं सोपं. त्या वेळी माहिती अधिकाराचा दिल्लीचा स्वतःचा 2001 चा कायदा होता, आता देशाचा 2005 चा आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. विनाकारण उशीर केला तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. एक पथ्य मात्र पाळावं. ‘असं का केलंत?’ असं विचारू नये. कारणमीमांसेला बगल देता येते. ‘फाइलवरच्या शेऱ्यांची साक्षांकित प्रत द्या’ म्हटलं की पळवाट उरत नाही.

याच ‘परिवर्तन’नं सुंदरनगरी या वस्तीत जे केलं, त्याला मी दिल्लीतल्या नागरिकांच्या चळवळीतलं सर्वांत मोलाचं काम मानतो. ‘परिवर्तन’ चालवणारे अरविंद केजरीवाल तेव्हा आयकर खात्यातले अधिकारी होते. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, या कामाचं मोल त्यानं कमी होत नाही. महापालिकेच्या कामांची कंत्राटं आणि बिलं मागवली गेली. कार्यकर्ते ती गल्लोगल्ली वाचून दाखवत फिरले. तुमच्या गल्लीतल्या नालीवर लोखंडी जाळ्या बसल्याचं इथं लिहिलंय, बसल्यात का? हातपंपाला मोटर लावल्याचं बिल आहे, मोटर कुठाय? 2002 च्या डिसेंबरात भर वस्तीत जनसुनवाई झाली. तपासलेल्या सुमारे 1 कोटी 30 लाखांच्या कामांपैकी 70 लाखांची कामं जागेवर सापडलीच नाहीत. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या बायका उभ्या राहून ‘आमच्या दारात ही जाळी नाही’ असं सांगत होत्या. अशी साक्ष कोण खोडणार?

याची किंमतही मोजावी लागली. याच वस्तीतली संतोष कोळी रेशनचा काळाबाजार उघडा पाडत होती. 2004 च्या अखेरीस तिच्या गळ्यावर वार झाला. ती वाचली आणि पुन्हा कामाला लागली. तिचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

माहिती अधिकार कायद्यातली आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. या कायद्यानं नागरिकाला चालू कामाची पाहणी करता येते आणि मालाचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. म्हणजे आपल्या दारात होणाऱ्या रस्त्याचा नमुना आपल्यासमोर काढून तपासायला पाठवता येतो.

तक्रारीची बाकीची साधनं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या खात्यांसाठी सीपीग्राम्स हे तक्रारींचं संकेतस्थळ, दिल्ली महापालिकेसाठी 311 ॲप, उत्तर प्रदेशात 1076 आणि ग्राहकांसाठी 1915 हे हेल्पलाइन क्रमांक. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती 1986 च्या ग्राहक कायद्याच्या बारा वर्षं आधी. मराठी माणसाला हा वारसा घरचाच आहे.

दिल्लीत सगळ्यात अवघड असतं ते तक्रारीसाठी योग्य कार्यालयाचं दार शोधणं. साठ फूट किंवा त्याहून रुंद रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, त्याहून अरुंद महापालिकेचा, नवी दिल्लीचा भाग नवी दिल्ली नगरपालिकेचा (एनडीएमसी) आणि गटाराचा पाइप जल बोर्डाचा. आमच्या गल्लीतल्या मॅनहोलचं झाकण गेलं तेव्हा मी तक्रार केली, तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारून ती बंद झाली. दुसऱ्या कार्यालयातही तेच. तेव्हा माहितीच्या अर्जात मी एकच गोष्ट मागितली: या रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, ते दाखवणाऱ्या कागदाची प्रत. ती हाती आल्यावर नव्या तक्रारीला जोडली, सोबत समोरच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि तारखेसह फोटो. झाकण बसलं. एका तक्रारीत एकच विषय घालावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. गटार, कुत्री आणि दिवे एका कागदात कोंबले की तो तीन खात्यांमध्ये भटकत राहतो.

पण कागद किती उंचीला भिडू शकतो, हे पाहायचं तर नोएडाच्या सेक्टर 93 ए मध्ये जावं. एमराल्ड कोर्टमधल्या रहिवाशांना बाग दाखवली होती, त्या जागेवर सुपरटेक या बिल्डरचे दोन मनोरे चढू लागले. 32 मजल्यांचा एपेक्स आणि 29 मजल्यांचा सियान. रहिवाशांनी मंजूर नकाशे मागितले. नोएडा प्राधिकरणानं ते द्यायचे का, हे चक्क बिल्डरलाच विचारलं! बिल्डर नाही म्हणाला आणि नकाशे मिळाले नाहीत. लोकांनी वर्गणी काढली आणि 2012 च्या डिसेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालय गाठलं. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा फुटपट्टीनं मोजता येणारा होता: दोन इमारतींत 16 मीटर अंतर हवं, होतं 9 मीटर. शिवाय मूळ फ्लॅटधारकांची संमती घेतलेली नव्हती. 2014 च्या एप्रिलमध्ये मनोरे पाडण्याचा आदेश झाला. 31 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला.

28 ऑगस्ट 2022 ला दुपारी अडीच वाजता सुमारे 3,700 किलो स्फोटकांनी, कुतुबमिनारहून उंच असलेले ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. काम मुंबईच्या एडिफिस कंपनीचं होतं. सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला तो धुरळा. मला मात्र निकालपत्राचं वेड आहे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. नकाशे दडवण्याच्या त्या प्रकाराची त्यात कठोर दखल घेतली आहे आणि प्राधिकरण व बिल्डर यांच्या संगनमताचा तो पुरावा मानला आहे. मनोऱ्यांमधल्या ग्राहकांना 12 टक्के व्याजानं पैसे परत आणि रहिवासी संघाला दोन कोटी रुपये द्यावेत, असाही आदेश त्यात आहे. सोसायटीच्या बैठकीत बिल्डरशी वाद घालणाऱ्या प्रत्येकानं आधी या निकालातला अंतराच्या नियमाचा भाग वाचावा, मग टेप घेऊन खाली उतरावं आणि आपल्या दोन इमारतींमधलं अंतर मोजावं.