वजनकाट्यावरचा वारसा

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडला आणि गॅस्ट्रिक बायपासचं युग सुरू झालं. पोट लहान, खाणं कमी, वजन कमी, असा सरळ हिशेब होता. पण एकाच सर्जनच्या हातून ऑपरेशन झालेल्या दोघांपैकी एकाचं वजन उतरून टिकायचं, तर दुसऱ्याचं काही वर्षांत पुन्हा चढायला लागायचं. मग ठपका रुग्णावरच. पथ्य पाळलं नसणार, जिभेवर ताबा नसणार! हा ठपका किती अन्यायाचा होता, हे कळायला काही दशकं जावी लागली.

पहिला मोठा धागा सापडला तो ऑपरेशन थिएटरबाहेर. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुण भावांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. जादा खाणं सगळ्यांचं सारखंच, पण कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, कुणाचं १३.३ किलोंनी. जुळ्या भावांचे आकडे मात्र एकमेकांच्या जवळपास राहिले.

पुढे शोधांना वेग आला. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशींतून निघणारं हे संप्रेरक मेंदूला शरीरातल्या साठ्याची खबर देतं. १९९८ साली भुकेच्या याच साखळीतल्या ‘एमसी४आर’ या जनुकातल्या बिघाडाचा माणसांच्या लठ्ठपणाशी संबंध सिद्ध झाला.

दरम्यान, बायपासने नुसती पोटाची पिशवी लहान होत नाही, आतड्यांतून मेंदूकडे जाणारे भूक-तृप्तीचे संदेशही बदलतात, हे स्पष्ट होत गेलं. ऑपरेशनचं यश जर या संदेशांवर अवलंबून असेल, तर ते वाचणाऱ्या जनुकांचा त्यात वाटा असणारच.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ली कॅप्लन यांच्या गटाने २०११ साली नेमका हाच प्रश्न घेतला. बायपास झालेल्या शेकडो रुग्णांमध्ये पालक-मूल किंवा सख्खी भावंडं अशा १३ जोड्या सापडल्या. जास्तीच्या वजनापैकी किती उतरलं, यात या नातेवाइकांमध्ये सरासरी फरक अवघा ९ टक्क्यांचा. एका घरात राहणाऱ्या, पण रक्ताचं नातं नसलेल्यांमध्ये तो कितीतरी मोठा होता. १३ जोड्या म्हणजे नमुना लहानच. तरीही स्वयंपाकघर एक असून निकाल वेगळे, ही बाब या सगळ्या संशोधनातली सर्वांत बोलकी वाटते.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या गायसिंगर संस्थेने दाखवलं, की ‘एफटीओ’सारख्या चार जनुकांमधले लठ्ठपणाकडे झुकवणारे बदल ज्यांच्यात जास्त, त्यांचं वजन ऑपरेशननंतर कमी उतरतं. पण अशा प्रत्येक बदलाचा परिणाम स्वतंत्रपणे फार छोटा असतो. त्यावरून समोरच्या एका रुग्णाचं भाकीत करणं धाडसाचं ठरेल.

एमसी४आरची गोष्ट आणखी महत्त्वाची. २०१२ साली कॅप्लन यांच्याच गटाला आढळलं, की या जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेल्या उंदरांवर बायपासचा परिणाम होत नाही. एकच प्रत बिघडलेली असेल, तर उंदरांचं आणि माणसांचंही वजन इतरांसारखंच उतरतं. म्हणजे चाचणीत असा दोष दिसला, म्हणून रुग्णाला ऑपरेशन नाकारायचं कारण नाही.

लेप्टिनचा संदेश पकडणाऱ्या ग्राहीच्या जनुकासारख्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मोजक्या रुग्णांसाठी २०२० साली अमेरिकेत सेटमेलॅनोटाइड या औषधाला मान्यता मिळाली. ते थेट एमसी४आर ग्राहीलाच जागं करतं. त्यामुळे पाच वर्षांच्या आतच अतोनात वजन वाढलेल्या आणि भूक शमतच नसलेल्या मुलाची जनुकचाचणी आधी करून घेण्याला आता खरा अर्थ आला आहे.