सुरुंगाचा नारिंगी धूर

दगडखाणीतला अपघात म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो उडालेला दगड. ते खरेही आहे. फुटलेले डोके, चिरडलेला हात, डोळ्यात घुसलेली कपची हे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला नवीन नाही. पण सुरुंगाची एक इजा अशी आहे की रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो, ‘थोडा खोकला आहे’ म्हणतो, गोळ्या घेऊन घरी जातो आणि पहाटे गुदमरू लागतो. ही इजा धुराची.

खडीसाठी काळा पत्थर फोडताना अनेक ठिकाणी अमोनियम नायट्रेट आणि डिझेल यांचे मिश्रण वापरतात. वजनाने साधारण ९४ भाग नायट्रेट आणि ६ भाग डिझेल. हे प्रमाण जमले तर धूर फारसा विषारी नसतो. डिझेल कमी पडले किंवा छिद्रात पाणी साचलेले असले की स्फोट नीट होत नाही आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. त्याचा रंग पिवळट, नारिंगी, कधी तांबूस तपकिरी. डिझेल जास्त झाले तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून ओल्या छिद्रात हे मिश्रण न भरता पाण्यात टिकणारी इमल्शनची कांडी वापरायची असते. ती महाग पडते, हे खरे दुखणे.

अमोनियाचा वायू नाकात गेला की डोळे-घसा असा झोंबतो की माणूस पळत सुटतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे घशाला फारसे कळत नाही. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते. वायुकोशांच्या नाजूक भिंती पाझरू लागायला काही तास लागतात. कधी पुरा दिवसही जातो. सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. काही जण यातून बरे होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दम लागतो, कारण बारीक श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात.

म्हणून रंगीत धूर छातीत गेलेल्या माणसाला मोकळ्या हवेत न्या, बसवा, पुन्हा कामाला लावू नका. श्रमाने त्रास वाढतो. बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्या आणि डॉक्टरला ‘सुरुंगाचा धूर’ हे शब्द सांगा. नुसता ‘खोकला’ सांगितलात तर त्याला कसे कळणार? निदान २४ तास देखरेख हवी. तोंडाला बांधलेल्या फडक्याने वायू अडत नाही. गूळ खाल्ल्याने छाती साफ होते असे कामगार आवर्जून सांगतात. पण गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही.

धूर बहुधा लागतो तो घाईने परतणाऱ्यांना. मजुरी ब्रासवर असली की मोकळा दगड पाहून पाय थांबत नाहीत. यात मी कामगाराला दोष देणार नाही. धूर विरून ब्लास्टरने स्वतः फिरून पाहणी करून ‘ठीक आहे’चा भोंगा देईपर्यंत कोणालाही आत न सोडणे ही खाणचालकाची जबाबदारी आहे. ही पाहणी न उडालेल्या सुरुंगासाठीही असते. त्याची तार ओढायची नाही, त्याच छिद्रात पुन्हा ड्रिल घालायचे नाही. नवे छिद्र त्याला समांतर, किमान ३० सेंटिमीटर दूर घ्यायचे.

उडणाऱ्या दगडाबद्दलही एक सांगायला हवे. आपल्या बेसाल्टमध्ये उभ्या भेगा पुष्कळ. त्यांतून स्फोटाचा वायू वाट काढतो आणि दगड अनपेक्षित दिशेला जातो. छिद्राचे तोंड खडीच्या कचीने नीट ठासून भरायचे सोडून रिकामे पोते कोंबले तरी तेच होते. खाण-नियमांत धोक्याचा परिसर ३०० मीटरचा धरतात; खोल छिद्रांच्या स्फोटांना तो ५०० मीटर सांगितला आहे. आता एखाद्या खाणीच्या कडेला उभे राहून पाहा, मजुरांच्या झोपड्या किती अंतरावर आहेत. स्फोटाच्या वेळी मोठी माणसे दूर जातात, पण पाळण्यात झोपलेले मूल उचलून न्यायची आठवण भोंगा वाजवणाऱ्याने करून द्यायला हवी, आणि वारा झोपड्यांकडे वाहत असेल तर त्या दिवशी सुरुंग थोडा थांबवायला हवा.