ओपन इलेक्टिव्ह निवडताना

प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलापाशी मुली हमखास विचारतात, "मॅडम, यातला हलका विषय कुठला?" प्रश्न रास्त आहे. बी.कॉम. करता करता दुपारी दुकानात काम करणाऱ्या मुलीला तास मोजावेच लागतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांत शाखेबाहेरचे विषयही घ्यावे लागतात, तेच हे ओपन इलेक्टिव्ह. एक क्रेडिट म्हणजे सत्रात व्याख्यानाचे १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. क्रेडिट दोनच दिसतात, पण विषय सगळा प्रात्यक्षिकाचा असेल तर ६० तास जातात, नुसत्या व्याख्यानांचा असेल तर ३०. घरचा अभ्यास त्यात धरलेला नसतो. म्हणून अभ्यासक्रमाची प्रत मागून घ्या. अंतर्गत गुण चाचणीला आहेत, प्रकल्पाला की क्षेत्रभेटीला, ते आधी वाचा. रोज कसाऱ्याहून लोकलने येणाऱ्या मुलीला गटप्रकल्प फार जड जातो. कॉलेज सुटल्यावर थांबणं तिला जमत नाही. तिने चाचणीचा विषय घेतला तर मला ती पळवाट वाटत नाही.

मात्र केवळ मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. नावडीचे ३० तासही संपता संपत नाहीत. सुरुवातीलाच दोन-तीन वर्गांत बसून पाहा, आणि विषय बदलायचा असेल तर कॉलेजने दिलेल्या मुदतीतच अर्ज द्या.